कारण रास्त आहे

"साठ!" वॉर्डाच्या पार त्या टोकाहून भामा ओरडली. "शिस्टर, साठच भरत्यात!"

"पुन्हा मोज," मी टेबलावरूनच म्हटलं. "एकसष्ट पाहिजेत."

"दोनदा मोजलं की."

"मग तिसऱ्यांदा मोज. पाय दुखतायत का तुझे? माझे दुखतायत."

ती हसली आणि पुन्हा पहिल्या खाटेपासून सुरू झाली. कमरेला चावी, पदर खोचलेला. मोजायची तिची एक पद्धत होती. आमच्या बायका एका जागी ठरत नाहीत, त्यामुळे एकच डोकं दोनदा मोजलं जातं. म्हणून भामा मोजलेल्या बाईला खाटेवर बसवायची आणि तिचाच टॉवेल तिच्या हातात द्यायची. टॉवेल हातात, म्हणजे मोजून झाली. इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

"साठ," ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. आता तिचाही चेहरा उतरला होता.

"स्वतःला धरलंस का?"

भामानं कपाळावर हात मारला. "आगं बया! मीच ऱ्हायले की!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. सिंधूमावशीही हसली. त्या दिवसांत हसायला फार काही नसायचं, त्यामुळे हा किस्सा मी चहाच्या वेळी दुसऱ्या वॉर्डातही जाऊन सांगितला. तेव्हा मला त्यात गंमतच दिसली. त्याहून जास्त काही दिसलं नाही, ही माझी अक्कल.

मी एस्तेर साळवे. नगरकडची. एकतीस वर्षं नर्स होते, त्यातली एकोणीस मनोरुग्णालयात. ही गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची. तेव्हा मी बायकांच्या चार नंबर वॉर्डाची इन्चार्ज होते. एकसष्ट बायका. कागदावर सहा मावश्या, प्रत्यक्षात दोन, आणि त्यातली सिंधूमावशी कंबरेला पट्टा बांधून यायची. सकाळी एकसष्ट आंघोळी, एकसष्ट वेण्या, एकसष्ट जणींच्या तोंडात गोळ्या घालून 'आ कर' म्हणून जिभेखाली बघायचं. दुपारी घरी जाऊन अंथरुणावर पडले की डोळ्यांपुढं नुसती उघडी तोंडं दिसायची. मी चांगली नर्स होते, असं लोक म्हणतात. मी दमलेली नर्स होते, एवढं मला नक्की माहीत आहे.

भामाबाई खुटवड त्याच्याही चौदा वर्षं आधी आली होती. तिला भावानं आणून टाकलं होतं. नवरा आधीच सोडून गेलेला. गावच्या आडात कुणीतरी विष कालवलंय असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि कानात बोलणारी माणसं तेच सांगत होती. सात वर्षांच्या पोरीला तिनं दोन दिवस पाण्याचा थेंब घेऊ दिला नाही. पोर मरता मरता वाचली. इथं गोळ्या सुरू झाल्या, दोन वर्षांत कानातले आवाज गेले आणि पाणी पुन्हा पाणी झालं. पण भाऊ दोनदा येऊन गेला तो गेलाच. आमची पत्रं 'या पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत यायला लागली. मग भामा राहिली.

राहिली आणि हळूहळू वॉर्डाची झाली. नव्या बाईला समजावणं, हट्टी बाईला भरवणं, चादरी घड्या करून कपाटात लावणं. कपड्यांच्या त्या लोखंडी कपाटाची चावी मी तिच्याकडेच दिली होती. नियमानं रुग्णाच्या हातात चावी द्यायची नाही. पण नियम करणाऱ्यानं एक दिवस येऊन एकसष्ट बायकांना आंघोळी घालाव्यात आणि मग मला शिकवावं. दर तीन महिन्यांनी तिच्या केसपेपरवर मी एक ओळ लिहायची: 'तब्येत ठीक. वॉर्डात कामात मदत करते. उपचार चालू ठेवावेत.' मागची ओळ बघून पुढची लिहायची. हातालाच पाठ झाली होती.

मोजणीच्या त्या किश्श्यानंतर आठवड्याभरात रेश्मा मुलाणी आली. आमच्याकडची नवी समाजसेवा अधीक्षक. नाव भारदस्त, पण पोरगी जेमतेम सत्तावीसची, साताऱ्याकडची. रुग्णांची घरं शोधायची, नातेवाइकांशी बोलायचं, बऱ्या झालेल्यांना बाहेर जगायला तयार करायचं, हे तिचं काम. आधीचे साहेब हे काम खुर्चीतून करायचे. ही वॉर्डात यायची आणि बायकांच्या खाटेवर बसायची.

"सिस्टर, भामाबाई खुटवड," ती फाईल उघडून म्हणाली. "बारा वर्षांत एक तक्रार नाही. भास नाहीत, आवाज नाहीत. ही इथं काय करतेय?"

"वॉर्ड चालवतेय," मी म्हटलं.

ती हसली नाही. "तीन आठवड्यांनी समिती बसतेय. मी तिचं नाव देणार आहे. नातेवाईक कोण?"

"भाऊ होता. पत्ता सोडून गेला."

"मुलगी होती ना?"

"होती. लहान होती तेव्हा."

"कुणाचं पत्र, फोन, काही?"

"नाही," मी म्हटलं.

हे 'नाही' मी इतक्या चटकन म्हटलं की माझं मलाच खटकलं. त्याचं पुढं सांगते.

समिती सहा महिन्यांनी एकदा बसायची. कुणाला घरी सोडायचं ते तीच ठरवायची. समितीतले डॉक्टर रुग्णाला पाच मिनिटं बघणार. त्यामुळे इन्चार्ज सिस्टरच्या अहवालाला फार वजन. चार ओळींचा कागद, पण त्या चार ओळींवर बाई गेटबाहेर तरी जायची, नाहीतर पुन्हा खाटेवर. आणि आमच्याकडे एक पद्धत पडली होती. सुटलेली बाई निघताना इन्चार्जच्या पाया पडायची. मी ख्रिस्ती, आमच्यात हे नाही. पण इतक्या जणी पडल्या की मला सवय झाली. खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून रेश्मा रोज सकाळी दोन तास भामाला घेऊन बसायला लागली. माझ्या ऐन आंघोळीच्या वेळेला! मी धुसफुसायची. "घ्या, राणीसाहेबांचा क्लास सुरू झाला," असं मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायची. कानावर पडायचं ते मात्र मी ऐकत होते.

"भामाबाई, गोळ्या आता तुमच्या तुम्ही घ्यायच्या. ही सात खणांची डबी. रविवारी तुम्हीच भरायची."

"आन् तोंड कुनाला दावायचं?"

"कुणाला नाही."

भामानं गोळी घेतली, पाणी प्यायली आणि सवयीनं 'आ' करून बसली. मग लाजून तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी रेश्मा विचारत होती, "आजार परत यायला लागला तर तो एकदम येत नाही. आधी काहीतरी खूण दाखवतो. तुमची खूण काय होती? आठवून सांगा."

भामानं डबीचे खण बोटानं चाचपले. "पानी कडू लागाय लागतंय," ती म्हणाली. "आवाज मागनं येत्यात. आदी पानी कडू लागतंय."

"छान. मग पाणी कडू लागलं की काय करायचं?"

"पोरीला न्हाई, डाक्टरला सांगायचं."

मी तिकडे पाठ करून चादरी मोजत होते. बारा वर्षं ती माझ्या हाताखाली होती आणि हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

मग एका शनिवारी ती तिला एसटी स्टँडवर घेऊन गेली. भामा परत आली ती लाल तोंडानं, धापा टाकत. "शिस्टर, कंडाक्टरकडं तिकिटाची पेटी न्हाई आता! यंत्र हाय. टुक टुक केलं की कागुद भाईर! म्या इचारलं, आमच्या गावाला गाडी किती वाजता. त्यो म्हनला, मावशी, फलाट तीन. मला मावशी म्हनला, शिस्टर. येडी न्हाई म्हनला." त्या दिवशी जेवणं तासभर उशिरा झाली होती, दोघींनी एकमेकींचे केस ओढले होते, सिंधूमावशी कंबर धरून बसली होती. मी म्हटलं, "झालं कौतुक? आता त्या तेरा नंबरला भरव."

तिनं भरवलं. भरवता भरवता म्हणाली, "शिस्टर, कागदावर तुमी काय लिवनार?"

"खरं तेच लिहीन. दुसरं काय लिहिणार?"

"मग झालं," भामा म्हणाली. पण नजर खाली घेतली नाही. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

समिती शुक्रवारी होती. बुधवारपर्यंत माझा कागद कोराच. रेश्मा दोनदा मागून गेली. तिसऱ्यांदा आली आणि टेबलापाशी बसलीच.

"सिस्टर, तिला सगळं येतंय. पण तिचं बाहेर कुणीच नसेल तर साहेब विचारणार, पाठवायची कुठं? आणि मग म्हणणार, राहू दे इथंच, सुखात आहे. मागच्या तीन बायकांचं तसंच झालं. एक माणूस मिळायला हवं होतं हो. एक." आणि तिनं डोळे चोळले. तीही दमली होती. तीन आठवड्यांत तिनं दोन तालुके पालथे घातले होते. भावाचा पत्ता काही लागला नव्हता.

ती गेल्यावर मी उठले. दुपारचे साडेबारा. बायका जेवून लवंडल्या होत्या. चावी नेहमी भामाकडे असायची, पण जेवणानंतर ती टेबलावर आणून ठेवायची. मी चावी घेतली, मागच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात जुन्या घोंगड्यांखाली हात घातला.

आता ते 'नाही'.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये वॉर्डात जुलाबाची साथ आली होती. अठरा बायका आडव्या. दोन मावश्या रजेवर, एक पळून गेलेली. भामा सकाळ-संध्याकाळ घाण काढत होती, सलाईनच्या बाटल्या धरून उभी राहत होती. त्याच आठवड्यात माझ्या हातात एक पत्र आलं. 'मुख्य परिचारिका, स्त्रियांचा वॉर्ड' असा पत्ता. आत वहीचं पान, रेघ न सोडता लिहिलेलं. 'माझी आई भामाबाई आपल्याकडे आहे असे मामाने आत्ता सांगितले. लहानपणापासून मला ती वारली असे सांगत होते. ती जिवंत असेल तर कळवावे. माझे लग्न झाले आहे. आमचे मिस्टर चांगले आहेत. मी तिला न्यायला येईन. आपली उज्ज्वला.' खाली पत्ता, अगदी पिनकोडसकट.

मी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि खिशात घातलं. म्हटलं, ही साथ सरू दे, मग बघू. साथ सरली. मग मावश्यांच्या दिवाळीच्या रजा आल्या. मग मोठ्या साहेबांची पाहणी. घोंगड्यांखाली ठेवलं की दिसायचं नाही. लोकांना सांगायची वेळ आली असती तर मी 'विसरले' असं म्हणाले असते.

हाताला पाकीट लागलं. बाहेर काढलं तर ते मऊ पडलेलं. घड्यांवर कागद झिजून उभा चिरला होता. दोन वर्षं घोंगड्याखाली नुसता पडलेला कागद असा होत नाही. तो शंभरदा उघडलेला, शंभरदा मिटलेला होता.

"सापडलं का, शिस्टर?"

भामा दारात उभी होती.

मी चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"दिवाळीच्या चादरी काडल्या तवापास्नं."

"म्हणजे दोन वर्षं होत आली! अगं, मग बोलली का नाहीस? विचारायचंस मला. भांडायचंस!"

"भांडायचं?" ती हे अगदी हळू म्हणाली. "हितं? शिस्टर, पारूनं ताट फेकलं तवा काय केलं तुमी? सुई टोचली. आन् कागदावर लिवलं, 'चिडचिड वाढली आहे.' तिच्या घरचं भाईर न्यायला आल्यालं, तसंच माघारी गेलं. म्या चौथी शिकल्याली हाय. तुमी लिवता तवा म्या शेजारी फरशी पुसत आसते."

मी हातातलं पाकीट उलटंपालटं करत राहिले.

"म्या वाट बगितली. म्हनलं, आज देतील, उद्या देतील. शिस्टर मानूस चांगलं हाय, कामाच्या रगाड्यात इसरलं आसंल. म्हनून आनिक काम वडलं. म्हनलं, शिस्टरला जरा उसंत मिळाली तर आठवंल." ती एक पाऊल आत आली. "इसरला हुता नव्हं, शिस्टर?"

'हो' म्हटलं की संपलं होतं. तिला तेच ऐकायचं होतं. मान पुढं करून ती वाट बघत होती. मी हो म्हटलं असतं तर ती माझे पायसुद्धा चेपत बसली असती.

"नाही," मी म्हटलं. "विसरले नव्हते. तू गेलीस तर माझं कसं व्हायचं, म्हणून दाबून ठेवलं."

मग माझ्या मांडीवरची चावी तिनं हिसकावली आणि कपाटावर अशी हाणली की सगळा वॉर्ड उठून बसला.

"माझी पोर!" ती किंचाळली. "माझ्या पोरीला आय मेली म्हनून सांगितलं तिच्या मामानं! आन् तू गं? तू रोज माझ्या हातचा च्या पीत हुतीस! तुझ्या एकसष्ट बायका धुतल्या म्या, तुझी घान काडली, आन् तू माझी पोर घोंगड्याखाली घातलीस?" चादरींच्या चळती तिनं ओढून खाली पाडल्या. बारा वर्षांत तिनं मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

सिंधूमावशी आणि दुसरी मावशी धावत आल्या. दोघींनी तिला दोन्हीकडून धरलं. "भामा बिघडली! सिस्टर, भामा बिघडली बघा! सुई भरू का? डॉक्टरांना बोलवू?"

आणि तेवढ्यात भामा गप्प झाली. एकदम. ओठ आवळले, आवाज बंद. तिनं आपणहून बाही वर केली आणि दंड पुढं धरला.

ते मी अजून विसरलेले नाही. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. सुई बसली असती, कागदावर 'आक्रमक झाली' अशी नोंद गेली असती. शुक्रवारी समितीनं तिला पाचव्या मिनिटाला परत पाठवलं असतं आणि शनिवारी सकाळी ती माझ्यासाठी मोजणी करत उभी राहिली असती. पत्राचं कुणालाही कळलं नसतं. आणि मी इतकी दमलेली होते, देवा, की एक क्षण मला ते बरंसुद्धा वाटलं.

"सोडा तिला," मी म्हटलं.

"अहो, पण सिस्टर—"

"सोडा म्हटलं ना! कानात बोळे घातलेत का?"

मी उठले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तिच्यापुढं धरलं. "पी."

तिनं माझ्याकडं खाऊ की गिळू अशा नजरेनं बघितलं. मग तांब्या घेतला, वरून पाणी प्यायली, अर्धं लुगड्यावर सांडलं.

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"पान्यासारकं लागतंय!" ती ओरडली. "कसं लागंल?"

"मावशी, ऐकलंत? ही बिघडलेली नाही. ही माझ्यावर रागावलीय. जा तुम्ही." आणि भामाला म्हटलं, "बोल. अजून काय बोलायचं ते बोल. सुई कुणी देत नाही."

मग ती अर्धा तास बोलली. ओरडली, रडली, मला नाही नाही ते बोलली. माझ्या पोरांचं वाईट होवो म्हणाली, मग जीभ चावून 'पोरांचं नको, तुझं होवो' म्हणाली. मी त्या विस्कटलेल्या चादरींवर बसून सगळं ऐकलं. मी तिला शांत करायला गेले नाही. तेवढं तरी त्या दिवशी मला कळलं.

दुपारी तीनला मी पत्र रेश्माच्या हातात दिलं आणि जे होतं ते सांगितलं. तिनं पाकीट उघडून पत्र वाचलं. मला वाटलं, ही आता बोलेल काहीतरी, आणि बोलावं असं वाटत होतं. पण ती फक्त म्हणाली, "मी आजच माणूस पाठवते." आणि मग दाराशी थांबून, "सिस्टर, अहवालात पत्राचं नाही लिहिलंत तरी चालेल. जुन्या फाईलमध्ये सापडलं, असं मी सांगेन. तुमची तीन वर्षं राहिलीत नोकरीची."

"आणि आजच्या ओरडण्याचं काय? सगळ्या वॉर्डानं ऐकलंय. सिंधूमावशीनं आत्तापर्यंत स्वयंपाकघरात सांगितलंही असेल."

"लिहा की रागावली होती म्हणून."

"पत्राचं गाळलं, तर रागाचं कारण काय लिहू?" मी विचारलं. "बिनकारणाचा राग म्हणजे आजारच की गं. तूच सांग, समिती काय म्हणेल?"

मी कागद ओढला आणि एका दमात लिहून काढला.

शुक्रवारी समितीपुढं रुग्णालयाचे अधीक्षक केळुसकर साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. "'रुग्णाला बारा वर्षांत भास नाहीत. स्वतःच्या गोळ्या स्वतः घेते. आजाराची पहिली खूण तिला ठाऊक आहे. बुधवारी दुपारी ती इन्चार्ज सिस्टरवर रागावली, ओरडली, चावी फेकली. कारण रास्त आहे. तिच्या मुलीचे पत्र मी दोन वर्षे दाबून ठेवले होते. घरी पाठवण्यास योग्य.'" त्यांनी चष्मा काढला. "सिस्टर, हे काय लिहून आणलंत? याचे परिणाम माहीत आहेत ना तुम्हाला?"

"माहीत आहेत, सर."

साहेब भामाकडे वळले. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, हात मांडीवर, रेश्मानं दिलेली गोळ्यांची डबी मुठीत.

"भामाबाई, अजून राग आहे का सिस्टरांवर?"

चौदा वर्षं तिला एकच उत्तर पाठ होतं: नाही साहेब, मी बरी आहे साहेब.

भामानं डबीवरची मूठ घट्ट केली. "हाय," ती म्हणाली.

साहेबांनी पेन उघडलं.

मला ज्ञापन मिळालं. चौकशी झाली, बढती हुकली, सहा महिन्यांत पुरुषांच्या वॉर्डात बदली झाली. ते सगळं रीतसर होतं आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

उज्ज्वला बाराव्या दिवशी आली. एकवीस वर्षांची, अंगानं आईसारखी रुंद, कडेवर वर्षाचं मूल. त्या बारा दिवसांत भामानं वॉर्डातलं एक काम केलं नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं. ती आपल्या खाटेवर बसून असायची. माझ्याशी एक शब्द नाही. सकाळची मोजणी मी करायची, टॉवेल देत देत. तिच्यापाशी आले की ती टॉवेल घ्यायची आणि खिडकीकडे तोंड करायची.

मायलेकी गेटपाशी भेटल्या. मला वाटलं होतं गळ्यात पडतील, पण दोघी नुसत्या बघत उभ्या राहिल्या. चौदा वर्षांनी काय बोलायचं असतं? शेवटी उज्ज्वलानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "आई, पाणी पी. उन्हाची आलीस."

भामानं बाटली हातात घेतली. "आदी तू पी," ती म्हणाली. "तू पोटभर पी."

पोरगी प्यायली. मग भामाही प्यायली. मग दोघी रडल्या. रेश्मानं तोंड फिरवलं.

रिक्षा उभी होती. उज्ज्वलाला बिचारीला कशाचीच कल्पना नव्हती. पत्र हरवलं होतं, एवढंच तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती पुढं येऊन माझ्या पाया पडली आणि आईला म्हणाली, "आई, सिस्टरांच्या पाया पड. चौदा वर्षं सांभाळलं तुला."

भामानं त्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. गेटवरचा शिपाई, सिंधूमावशी, रेश्मा, सगळे बघत होते.

"न्हाई पडायची," भामा म्हणाली.

"अगं आई, असं काय करतेस?"

"न्हाई म्हनलं न्हवं? न्हाई पडायची."

पोरगी ओशाळली. माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मला लाज वाटत होती, आणि बारा वर्षांत या बाईनं मला एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं, तेही आठवत होतं.

"नको पडूस," मी तिला म्हटलं. आणि शिपायावर खेकसले, "बघतोस काय रे? गेट उघड."